हडसनचा गाळ

न्यू यॉर्कला जाऊन आलेल्या प्रत्येक मराठी माणसाकडे हडसन नदीचा एक तरी फोटो असतो. म्हणजे फोटो आपलाच असतो, नदी मागे असते. जर्सी सिटीच्या नाहीतर होबोकेनच्या काठावर उभं राहायचं, पाठीमागे मॅनहॅटनच्या इमारती घ्यायच्या, आणि आईबाबा आले असतील तर आईच्या साडीवर जॅकेट आणि पायात स्पोर्ट्स शूज! मी जर्सी सिटीत राहतो, त्यामुळे असे फोटो काढून द्यायचा मला आता चांगलाच सराव झालाय. अशा फोटोत हडसन नेहमीच छान दिसते. रुंद, शांत, संध्याकाळी सोनेरी.

आज मला लिहायचंय ते तिच्या तळाबद्दल. या फोटोंच्या जागेपासून साधारण सव्वातीनशे किलोमीटर उत्तरेला, नदीच्याच काठावर, हडसन फॉल्स आणि फोर्ट एडवर्ड अशी दोन छोटी गावं आहेत. तिथे ३० वर्षांत जे घडलं ते निस्तरायला पुढची ५० वर्षं पुरली नाहीत. ही गोष्ट मी गेले काही विकांत वाचतोय. खलनायक कोण ते चटकन ठरवता येईल, अशी माझी सुरुवातीला समजूत होती. पण प्रकरण तेवढं सरळ नाही, आणि म्हणूनच ते लिहावंसं वाटलं.

तर सुरुवात एका तेलापासून.

या तेलाचं नाव पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल्स, म्हणजेच पीसीबी. (आपल्या हार्डवेअरवाल्या मित्रांचा पीसीबी तो वेगळा, तो सर्किट बोर्ड.) बेन्झिनची दोन कडी एकमेकांना जोडली की होतं बायफेनिल. त्यावर क्लोरीनचा अणू बसू शकेल अशा १० जागा असतात. कुठल्या जागा भरायच्या आणि कुठल्या रिकाम्या ठेवायच्या याची सगळी कॉम्बिनेशन्स मोजली, सारखी दिसणारी वगळली, की २०९ प्रकार मिळतात. कारखान्यात तयार व्हायचं ते या प्रकारांचं मिश्रण.

१९२९ साली अलाबामा राज्यातल्या अ‍ॅनिस्टन गावात स्वान नावाच्या कंपनीने हे तेल विकण्यासाठी बनवायला सुरुवात केली. १९३५ मध्ये ती कंपनी मोन्सॅन्टोकडे गेली. मोन्सॅन्टो ते विकायची अ‍ॅरोक्लॉर या नावाने आणि पुढे एक आकडा. उदाहरणार्थ अ‍ॅरोक्लॉर १२४२. यातले १२ म्हणजे कार्बनचे अणू आणि ४२ म्हणजे वजनाने ४२ टक्के क्लोरीन. व्हर्जन नंबर असावा तर असा!

हे तेल लोकांना इतकं का आवडलं? तर ते पेट घेत नाही. वीज वाहून नेत नाही. उष्णतेने बिघडत नाही. आम्ल, अल्कली, हवा, पाणी, कशालाही दाद देत नाही. त्या काळी ट्रान्सफॉर्मरमध्ये साधं खनिज तेल असायचं आणि ते पेटायचं. त्यामुळे शाळा, इस्पितळं, मोठ्या इमारती अशा ठिकाणी न पेटणारं तेल हे वरदानच होतं. ही गोष्ट विसरून चालणार नाही. पीसीबीने आगी टाळल्या, माणसं वाचवली. ते कुठल्या दुष्ट माणसाने दुष्ट हेतूने बनवलेलं नव्हतं. इंजिनिअरला जे हवं असतं तेच त्यात होतं, म्हणजे टिकाऊपणा.

जनरल इलेक्ट्रिकने, म्हणजे आपल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जीईने, १९४७ पासून १९७७ पर्यंत हडसनकाठच्या त्या दोन गावांतल्या कारखान्यांत हे तेल वापरून कपॅसिटर बनवले. पंखा हळू फिरायला लागला की आपल्याकडचा इलेक्ट्रिशियन "कंडेन्सर गेलाय" म्हणतो ना, तीच वस्तू, फक्त कितीतरी मोठ्या आकारातही. कागद आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा गुंडाळून डब्यात घालायचा, आतली हवा काढायची आणि तेल भरायचं. भरताना थोडं सांडणार. डबा बाहेरून धुवायचा. ते पाणी मोरीत, मोरी नाल्यात, नाला नदीत. टाकीतून गळलेलं तेल जमिनीत आणि तिथून खालच्या खडकाच्या भेगांत. कोणी रात्री गुपचूप टँकर आणून ओतला, असला फिल्मी प्रकार इथे नाही. रोजचं काम होतं, रोज थोडं सांडत होतं. ३० वर्षांचं हे 'थोडं' ईपीएच्या (अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या) अंदाजाप्रमाणे १३ लाख पौंडांपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५ लाख ९० हजार किलोपर्यंत जातं.

आता पहिला प्रश्न. इतकं तेल नदीत गेलं तर ते दिसलं कसं नाही?

याचं उत्तर तेलाच्या स्वभावात आहे. पीसीबी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पाण्यापेक्षा जड असतं. ते तळाशी जातं आणि गाळाच्या बारीक कणांना, लाकडाच्या भुश्याला चिकटून बसतं. त्या भागात कागदाच्या आणि लाकडाच्या गिरण्या होत्या, त्यामुळे असा भुसा नदीत भरपूर. फोर्ट एडवर्डला एक जुना बंधारा होता. त्याच्यामागे हा सगळा माल साठत गेला. वरून पाणी नेहमीसारखंच.

१९७३ मध्ये तो बंधारा जीर्ण झाला म्हणून वीज कंपनीने पाडून टाकला. बंधाऱ्यामागच्या गाळात काय आहे याचा कोणी विचार केला नव्हता. पुढच्या दोन-तीन वर्षांच्या पुरांत तो गाळ सुटला आणि खालच्या कितीतरी किलोमीटरच्या पात्रात पसरला. एका जागी होता तोवर उचलणं त्यातल्या त्यात सोपं होतं. आता तो सगळीकडे झाला.

इकडे अमेरिकेत हे चालू असताना तिकडे स्वीडनमध्ये सोरेन जेन्सन नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ डीडीटी शोधत होता. १९६४ पासून तो पक्ष्यांच्या आणि माशांच्या नमुन्यांत किती डीडीटी आहे ते मोजत होता. नमुना यंत्रातून गेला की कागदावर एकेका रसायनाचं एकेक टोक उमटतं. त्याला डीडीटीचं टोक दिसायचं, पण शेजारी आणखी अनोळखी टोकंही दिसायची. आपल्यातला एखादा 'नॉइज आहे' म्हणून पुढे गेला असता. जेन्सन गेला नाही. डीडीटी वापरात यायच्या आधी गोळा करून ठेवलेल्या गरुडांच्या पिसांतही ती टोकं सापडली, म्हणजे हे डीडीटी नव्हे हे नक्की झालं. शेवटी १९६६ मध्ये त्याने जाहीर केलं की हे पीसीबी आहे. ते माशांत होतं, गरुडांत होतं, त्याच्या स्वतःच्या, बायकोच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही होतं. कारखान्यात न जाणाऱ्या तान्ह्या मुलीच्या केसांत ट्रान्सफॉर्मरचं तेल!

दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, पश्चिम जपानमध्ये लोकांना एक विचित्र आजार व्हायला लागला. अंगावर मुरमांसारखे फोड, डोळ्यांना सूज, आणि काही बाळं तर काळपट त्वचेची जन्माला आली. राईस ब्रानचं खाण्याचं तेल बनवताना गरम करायच्या नळीतून पीसीबी गळून त्यात मिसळलं होतं. जपानीत या आजाराला युशो म्हणतात, म्हणजे तेलाचा आजार. १९७९ मध्ये तैवानमध्ये अगदी हेच पुन्हा घडलं.

म्हणजे १९७० च्या सुमाराला धोक्याची कल्पना जगाला होती. मग हडसनमध्ये कोणी बघितलं? तर एका क्रीडा मासिकाच्या पत्रकाराने! रॉबर्ट बॉयल हा 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये लिहायचा आणि त्याला गळ टाकून मासे पकडायचा भारी नाद. १९७० मध्ये त्याने वेगवेगळ्या ठिकाणचे मासे प्रयोगशाळेत तपासून घेतले. हडसनच्या स्ट्राइप्ड बासमध्ये पीसीबी निघालं आणि त्याने ते छापलं. तरीही सरकार हलायला आणखी पाच वर्षं गेली. १९७५ मध्ये न्यू यॉर्क राज्याचे पर्यावरण आयुक्त ऑग्डेन रीड यांनी हडसनचे काही मासे खाऊ नका असं जाहीर केलं आणि जीईविरुद्ध कारवाई सुरू केली.

सुनावणी झाली ती कोलंबिया विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक अब्राहम सोफेअर यांच्यासमोर. जीईचं म्हणणं सरळ होतं: आमच्याकडे परवाने आहेत, आम्ही काय सोडतो ते सरकारला माहीत होतं. सोफेअर यांनी १९७६ मध्ये निर्णय दिला. कंपनीने कायदा मोडलाच आहे, पण ज्यांनी लक्ष ठेवायचं त्या सरकारी खात्यांनीही आपलं काम केलेलं नाही. दोष दोघांच्याही पदरात पडला. त्यातून तडजोड झाली. जीईने ४० लाख डॉलर्सचा भार उचलायचा (३० लाख नदीसाठी आणि १० लाख संशोधनासाठी), राज्याने ३० लाख घालायचे, आणि १९७७ पर्यंत पीसीबी पूर्ण बंद.

जीईच्या बाजूने या वाटाघाटी केल्या त्या एका तरुण अधिकाऱ्याने. त्याचं नाव जॅक वेल्श.

हे नाव वाचून आयटीवाल्यांच्या भुवया उंचावल्या असतील. आपल्या पिढीत मॅनेजर व्हायची स्वप्नं पडायला लागली की पहिलं पुस्तक वेल्शचं घेतलं जायचं, मग भले ते स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून असो. १९८१ ते २००१ एवढा काळ तो जीईचा प्रमुख होता. सिक्स सिग्मा त्याने घराघरांत पोचवलं, बंगलोरला त्याच्याच नावाची जीईची मोठी संशोधन संस्था उभी राहिली. भारतातल्या आउटसोर्सिंगच्या गोष्टीत त्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या पगाराची मुळं कुठेतरी तिथवर पोचतात. म्हणून मला हा भाग जास्त लागला. सिक्स सिग्मा म्हणजे दशलक्ष संधींमागे ३.४ चुका. नदीचं मोजमापही दशलक्षातच होतं. हडसनच्या माशाचं ईपीएने ठरवलेलं अंतिम लक्ष्य आहे दशलक्ष भागांत ०.०५ भाग पीसीबी. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालाची दशलक्षात मोजणी व्हावी असा आग्रह जगभर झाला. त्याच कारखान्याच्या मोरीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तशी मोजणी करायची वेळ येईपर्यंत सगळं नदीत जाऊन बसलं होतं.

१९७६ मध्ये आणखी दोन गोष्टी झाल्या. अमेरिकन संसदेने विषारी रसायनांचा कायदा केला आणि त्यात पीसीबीवर नाव घेऊन बंदी घातली. आणि न्यू यॉर्क राज्याने हडसन फॉल्सपासून ट्रॉयपर्यंत मासेमारी बंद केली, खालच्या हडसनमधला स्ट्राइप्ड बासचा धंदाही बंद केला. या दुसऱ्या गोष्टीबद्दल पुस्तकांत एखादंच वाक्य असतं. पण नदीवर पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणारी कुटुंबं होती. त्यांचा कपॅसिटरशी काडीचा संबंध नव्हता. त्यांनी काही सांडलं नव्हतं, त्यांनी काही परवाना दिला नव्हता. त्यांचा धंदा मात्र गेला, आणि बासचा तो धंदा तिथे पुन्हा कधीच सुरू झाला नाही.

माझा एक मित्र मालवणचा आहे. इथे आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात त्याला काठावरच्या धक्क्यावर घेऊन गेलो होतो. तिथे गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने चांगला हातभर लांब स्ट्राइप्ड बास काढला. मित्र हरखलाच.

"अरे, हा तर जिताड्याचा भाऊ! किती स्वच्छ मासा आहे बघ. कल्ले बघ, लालबुंद. आमच्याकडे बाजारात असा आला तर आई दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही."

मग त्याने शेजारचा फलक वाचला. कुठला मासा, कोणी, किती वेळा खावा आणि बायकामुलांनी काय टाळावं, असं सगळं दोन भाषांत लिहिलेलं. तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "म्हणजे ताजा मासा ओळखायच्या ज्या खुणा मला आजीने शिकवल्या, त्या सगळ्या इथे फुकट?"

फुकटच. पीसीबीला वास नाही, चव नाही, माशाचे डोळे त्याने निस्तेज होत नाहीत. ते चरबीत विरघळतं आणि शरीरातून बाहेर पडायचं नावच घेत नाही. गाळातल्या किड्यात थोडं, किडे खाणाऱ्या छोट्या माशात त्याहून जास्त, त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात आणखी जास्त, आणि साखळीच्या टोकाला आपण, आपल्यानंतर आपल्या दुधावरचं बाळ. कॅन्सरवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१३ मध्ये पीसीबीला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. शिवाय बाळाच्या मेंदूच्या वाढीवर होणारे परिणाम वेगळेच.

बरं, १९७७ नंतर नवीन तेल वापरणं बंद झालं. मग नदी आपोआप सुधारली नाही का? इथे या गोष्टीतला सगळ्यात मोठा वाद सुरू होतो.

१९८४ मध्ये ईपीएने हडसन फॉल्सपासून मॅनहॅटनच्या टोकापर्यंतची सुमारे ३२० किलोमीटर नदी सुपरफंडच्या यादीत घातली. सुपरफंड म्हणजे देशातल्या सगळ्यात दूषित जागा साफ करायचा कायदा. जागा यादीत आली, पण तळातल्या गाळाबद्दल निर्णय झाला की सध्या काही करायचं नाही. गाळावर नवा गाळ बसेल, जुना खाली दबेल. अगदीच चुकीचं गणित नव्हतं ते. माशांतलं प्रमाण खरंच कमी होत होतं.

मग १९९१ च्या सप्टेंबरात हडसन फॉल्सच्या कारखान्याशेजारच्या एका बंद पडलेल्या कागद गिरणीतलं जुनं लाकडी दार कोसळलं. त्यामागे खडकातून झिरपलेलं पीसीबी साठत आलं होतं. ते नदीत आलं आणि खालच्या माशांतले आकडे पुन्हा वर गेले. कारखान्यात तेलाचा वापर थांबून १४ वर्षं झाली होती! पुढे जीईला कारखान्याखालच्या खडकात बोगदे खणून ते झिरपणारं तेल गोळा करावं लागलं.

आता गाळ उपसावा अशी मागणी वाढली. जीईने त्याविरुद्ध टीव्ही, रेडिओ, वर्तमानपत्रं सगळीकडे मोठी मोहीम चालवली. मुद्दे दोन: नदी स्वतःला साफ करतेय, आणि उपसलंत तर दबलेलं सगळं वर येईल. यातला दुसरा मुद्दा पोकळ नव्हता. पुढे २००९ मध्ये उपसा सुरू झाल्यावर पाण्यातलं प्रमाण मर्यादेपलीकडे गेलं म्हणून काम काही काळ थांबवावंही लागलं. पहिल्या मुद्द्यातही थोडं शास्त्र होतं. गाळातले ऑक्सिजनशिवाय जगणारे जीवाणू पीसीबीवरचे काही क्लोरीन काढून टाकतात, हे जीईच्याच शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवलं होतं. पण क्लोरीन काढणं म्हणजे रेणू नष्ट करणं नव्हे. २०९ प्रकारांपैकी जड प्रकार हलक्या प्रकारांत बदलतात, पीसीबी पीसीबीच राहतं.

गावकऱ्यांतही दोन तट होते. काठावरच्या अनेकांना उपसा नको होता. रात्रंदिवस मशिनं, दिवे, गाड्या, आणि वर त्यांच्याच गावात गाळ वाळवायचा कारखाना. शिवाय कंपनी म्हणजे गावातल्या कित्येक घरांची चूल. बाहेरून येऊन "तुमची नदी विषारी आहे" म्हणणाऱ्यापेक्षा ३० वर्षं पगार देणारा जवळचा वाटतो, यात नवल नाही. आपल्याकडे एमआयडीसीच्या शेजारी राहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगायला नको.

थोडक्यात, घोंगडं भिजत पडलं. १९८९ मध्ये ईपीएने जुन्या निर्णयाचा फेरविचार सुरू केला. तो संपायला २००२ उजाडलं. त्याआधी २००१ मध्ये ईपीएच्या प्रमुख क्रिस्टीन टॉड व्हिटमन (न्यू जर्सीच्या माजी गव्हर्नर, म्हणजे आमच्याकडच्याच) यांनी उपशाच्या बाजूने कौल दिला होता. दरम्यान जीईने सुपरफंड कायद्यातल्या आदेश द्यायच्या अधिकारालाच घटनेच्या आधारे कोर्टात आव्हान दिलं. ते २०१० मध्ये अपील कोर्टाने फेटाळलं आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायला नकार दिला.

शेवटी २००९ च्या मे महिन्यात ड्रेजर पाण्यात उतरले. मध्ये २०१० हे वर्ष आढाव्यासाठी सोडलं, आणि २०१५ च्या ऑक्टोबरात काम संपलं. वरच्या ६४ किलोमीटरच्या पट्ट्यातून साडेसत्तावीस लाख घनयार्ड, म्हणजे सुमारे २१ लाख घनमीटर गाळ निघाला. दहा घनमीटरच्या डंपरने मोजलं तर दोन लाखांहून जास्त फेऱ्या. गाळ फोर्ट एडवर्डला पिळून, रेल्वेने दूरच्या राज्यांत नेऊन पुरला. पहिल्या टप्प्यातला तर थेट टेक्सासला गेला. त्यातून ३ लाख १० हजार पौंड पीसीबी, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार किलो बाहेर आलं. जीईचा खर्च झाला जवळपास १७० कोटी डॉलर्स.

४० लाख आणि १७० कोटी. महागाई धरली तरी १९७६ च्या तडजोडीच्या साधारण शंभर पट.

आपल्या धंद्यात एक म्हण आहे की बग जितका उशिरा सापडतो तितका महाग पडतो. पण इथे बग उशिरा सापडला नव्हता, हे लक्षात घ्या. १९७६ मध्ये सगळ्यांना सगळं माहीत होतं. तेल कुठलं, सांडलं कुठे, साठलं कुठे, कोणाच्या ताटात जातंय. पुढची ३३ वर्षं गेली ती शोधण्यात नव्हे, तर 'थांबून बघू' म्हणण्यात. आणि थांबण्याची किंमत थांबायला सांगणाऱ्याला त्या वर्षी शून्य असते. ती मासेमाराला असते, फलक वाचता न येणाऱ्या आईला असते.

तर आता नदी साफ झाली का? २०१९ मध्ये ईपीएने जीईला काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. त्याच वेळी तिच्याच अहवालात म्हटलं होतं की उपाय पुरेसा ठरला की नाही हे सांगायला माशांची आणखी काही वर्षांची मोजणी हवी, आणि सगळ्या जातींचे मासे आठवड्यातून एकदा खाण्याइतके सुरक्षित व्हायला ५५ वर्षं किंवा जास्त लागू शकतील. न्यू यॉर्क राज्याने या प्रमाणपत्राविरुद्ध ईपीएवर दावा लावला, तो २०२१ मध्ये फेटाळला गेला. काम पूर्ण आहे, नदी पूर्ण नाही. क्लायंटने साइन-ऑफ दिलाय आणि सिस्टिम अजून नीट चालत नाहीये, असे प्रोजेक्ट आपण सगळ्यांनी पाहिलेत. फरक एवढाच की इथे वापरणारे म्हणजे मासे, आणि त्यांना तक्रार नोंदवायची सोय नाही.

फोर्ट एडवर्डचा कारखाना? जीईने २०१३ मध्ये तो बंद करून फ्लोरिडाला न्यायचं जाहीर केलं आणि नेला. चूलही गेली, गाळ मात्र पूर्ण गेला नाही.

या सगळ्यात एका जीवाने मात्र स्वतःपुरता मार्ग काढला. हडसनमध्ये टॉमकॉड नावाचा छोटा मासा आहे, तळाशी राहणारा. २०११ मध्ये न्यू यॉर्क विद्यापीठाच्या आयझॅक विर्गिन आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात दाखवलं की या माशाच्या एका जनुकातले सहा बेस गळालेत आणि त्यामुळे पीसीबी त्याच्या पेशीतल्या कुलपाला नीट लागत नाही. काही दशकांत झालेली उत्क्रांती! ऐकायला भारी वाटतं. पण हा मासा आता पोटात जास्त विष घेऊन मजेत जगतो, आणि त्याला खाणाऱ्यांकडे ते जनुक नाही.

आपल्या देशाचा संबंध विचाराल तर तोही आहे. पीसीबीसारख्या न संपणाऱ्या रसायनांवर २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, भारत त्यात २००६ मध्ये सामील झाला. २०१६ मध्ये केंद्र सरकारने पीसीबी बनवायला आणि आणायला बंदी घातली, आणि जुन्या उपकरणांतल्या वापरासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख ठरवली. तारखा कागदावर असतात, तेल जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं. असा ट्रान्सफॉर्मर भंगारात गेला की तेल कुठे जातं, हा प्रश्न विचारायला १९७६ सारखी सुनावणी व्हायची वाट बघू नये, इतकंच.

मला या गोष्टीतून एक शब्द नव्याने कळला, तो म्हणजे 'स्टेबल'. आम्ही रिलीजच्या आदल्या रात्री देवाकडे मागतो तो हाच. पीसीबीची सगळी जाहिरात त्या एका गुणावर होती आणि सगळा उपद्रवही त्याच गुणाचा आहे. जे कपॅसिटरमध्ये ३० वर्षं बिघडत नाही ते नदीतही बिघडत नाही. गुण तोच, फक्त जागा बदलली. म्हणून एखादी वस्तू किती टिकते हे विचारताना ती नको झाल्यावर किती टिकेल हेही त्याच मीटिंगमध्ये विचारायला हवं. १९४७ मध्ये ते कोणी विचारलं नाही. १९७६ मध्ये विचारलं, पण उत्तर महाग वाटलं.

असो. लांबलंच जरा. पुढच्या वेळी कोणाचा हडसनकाठी फोटो काढलात तर खुशाल काढा, पाणी खरंच छान दिसतं. धक्क्यावर मासा विकत देणारा कोणी भेटला, तर मात्र आधी फलक वाचा.